राजाची भाकर आणि संदेष्ट्याचा शब्द

इ. स. १७७९ च्या जानेवारीत मुंबईकर इंग्रजांची एक फौज कार्ले गावाच्या परिसरात येऊन पोहोचली. बोरघाट चढून ती खंडाळ्यास आली होती आणि तेथून पुण्याच्या वाटेने अतिशय संथपणे पुढे सरकत होती. मराठ्यांचे घोडदळ तिला पावलोपावली सतावीत होते. ४ जानेवारी रोजी कार्ल्याजवळ कॅप्टन स्टुअर्ट हा तिचा एक धाडसी अधिकारी मारला गेला. शत्रू असूनही त्याचे शौर्य मराठ्यांनी मनापासून मानले. 'इष्टुर फाकडा' या नावाने त्याची आठवण मावळात अजून टिकून आहे. पुढे तळेगावापर्यंत जाऊन या फौजेला माघार घ्यावी लागली आणि वडगाव येथे मानहानीचा तह करून इंग्रजांनी आपली सुटका करून घेतली. एवढा इतिहास आपण शाळेत शिकलेला असतो.

ही फौज ज्याला पेशव्यांच्या मसनदीवर बसविण्यासाठी निघाली होती, तो रघुनाथराव तिच्याबरोबरच होता. ज्याच्या फौजांनी १७५८ साली अटकेपर्यंत मजल मारली, तोच राघोबादादा वीस वर्षांनी परक्यांच्या तोफांच्या आश्रयाने स्वतःच्या घराकडे चालला होता. हे अधःपतन कसे घडले याची चर्चा इतिहासकारांनी पुष्कळ केली आहे. आमचे लक्ष वेधते ते दुसऱ्याच एका गोष्टीकडे. कार्ल्याच्या वाटेने निघालेल्या या माणसाला पाच वर्षांपूर्वी, तो सत्तेवर असतानाच, एका निःशस्त्र ब्राह्मणाने समोर उभे राहून देहान्ताची शिक्षा सांगितली होती.

३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात अठरा वर्षांच्या नारायणराव पेशव्याचा गारद्यांनी खून केला. 'ध' चा 'मा' कोणी केला या कथेत आम्ही शिरत नाही. खून झाला आणि त्या खुनाचा लाभ ज्याला झाला तो चुलताच पेशवा झाला, एवढे पुरे आहे. अशा वेळी चौकशी करायची कोणी, आणि करून सांगायचे कोणाला? राज्याचे मुख्य न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी ती केली. साताऱ्याजवळच्या माहुलीचे हे शास्त्रीबुवा काशीस अध्ययन करून आलेले होते आणि १७५९ पासून न्यायासनावर होते. सुमारे दीड महिना त्यांनी पुरावा पाहिला, आणि पकडण्याच्या हुकुमाचे मूळ रघुनाथरावापाशी जाऊन पोहोचते अशी खात्री झाल्यावर ते त्याच्याकडेच गेले. ग्रँट डफने १८२६ साली प्रसिद्ध केलेल्या मराठ्यांच्या इतिहासात हा प्रसंग दिला आहे. रघुनाथरावाने पुतण्याला पकडण्याची आज्ञा दिल्याचे मान्य केले, मारण्याची नव्हे. आणि मग विचारले, की या पातकाला प्रायश्चित्त कोणते? शास्त्रीबुवांनी सांगितले की स्वतःचा देह देणे हेच. तुमचे पुढचे आयुष्य सुधारण्यात जाईल असे दिसत नाही, तुमची आणि तुमच्या राज्याची भरभराट होणार नाही, आणि तुम्ही कारभारावर आहात तोवर मी चाकरी करणार नाही, की पुण्यात पाऊलही ठेवणार नाही. एवढे बोलून ते निघाले आणि वाईजवळच्या एका खेड्यात जाऊन राहिले. १९४४ साली प्रभातने 'रामशास्त्री' हा चित्रपट काढला आणि हा प्रसंग महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचला.

ख्रिस्ती वाचकांच्या नियतकालिकात पेशवाईतील एका शास्त्र्याची कथा कशासाठी, असा प्रश्न कोणाच्या मनात येईल. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६५ साली दोन गोष्टी आपल्याला स्पष्टपणे शिकविल्या. इतर धर्मांमध्ये जे सत्य आणि पवित्र आहे ते ख्रिस्तसभा नाकारीत नाही, ही एक. आणि प्रत्येक माणसाच्या सदसद्विवेकबुद्धीच्या गाभाऱ्यात परमेश्वराने लिहिलेला एक नियम असतो, तेथे माणूस परमेश्वराबरोबर एकटा असतो, ही दुसरी. रामशास्त्री धर्मशास्त्राच्या पोथ्यांवरून न्याय देत होते. एलियासारखा परमेश्वराचा शब्द आपल्याकडे आला असा दावा त्यांनी केला नाही. तेव्हा त्यांना संदेष्टा म्हणण्याचा आग्रह आम्ही धरणार नाही. परंतु संदेष्ट्याच्या निर्भय आज्ञापालनाची जी जात आहे, तीच जात येथे आपल्या भूमीवर, आपल्या भाषेत बोललेली दिसते, आणि म्हणून एलियाला समजून घ्यायला त्यांची मदत होते.

ती मदत कोणती? ग्रँट डफने रामशास्त्र्यांविषयी आणखी एक नोंद केली आहे, ती मात्र चित्रपट पाहणाऱ्यांच्या फारशी लक्षात राहत नाही. एका दिवसाला पुरेल त्याहून अधिक काही घरात ठेवायचे नाही असा त्यांचा नेम होता. राज्याचा मुख्य न्यायाधीश, ज्याच्याकडे नजराणे घेऊन येणाऱ्यांची रीघ लागली असती, त्याच्या घरात उद्याचे धान्य नाही! आम्हांस असे वाटते की शनिवारवाड्यातील त्या घटकेचे उत्तर या कोठीघरात आहे. त्या दिवशी रघुनाथरावासमोर उभे राहिल्यावर शास्त्रीबुवांना धैर्य गोळा करीत बसावे लागले नसेल; ते रोज संध्याकाळी रिकाम्या होणाऱ्या कणगीत थोडे थोडे साठत आले होते.

आता पवित्र शास्त्रातील राजांचे पहिले पुस्तक उघडून पाहू. अहाब राजासमोर एलिया उभा राहतो ते सतराव्या अध्यायात, एकाएकी. मी सांगेपर्यंत पाऊस नाही, दंवही नाही, असे बजावून तो निघून जातो. यानंतर परमेश्वर त्याला लगेच कर्मेल डोंगरावर पाठवीत नाही. आधी तो त्याला करीथ ओहोळाच्या काठी लपायला सांगतो. तेथे कावळे त्याला सकाळ-संध्याकाळ भाकर आणि मांस आणून देतात. ओहोळ आटतो. मग परमेश्वर त्याला सारफथच्या एका विधवेकडे पाठवितो. तीही परमुलखातली, ईजबेल राणीच्या माहेरच्या सीदोनातली, आणि तिच्या मडक्यात पसाभर पीठ उरलेले. त्या पिठावर संदेष्टा, ती बाई आणि तिचा मुलगा दुष्काळ काढतात. या कथा आपण कॅटेकिझमच्या वर्गात चमत्कार म्हणून ऐकल्या. त्या चमत्कार आहेतच. पण जरा थांबून पाहिले तर परमेश्वर येथे आपल्या संदेष्ट्याची एक सवय मोडीत आहे. राजाच्या ताटातून, शेतकऱ्याच्या खळ्यातून, साठ्यातून, शहाण्या माणसाच्या बेगमीतून तो त्याला हळूहळू बाहेर काढीत आहे. कावळ्याच्या चोचीतून आलेली भाकर कोणाला साठवता येणार? इकडे त्याच दुष्काळात बआल देवाचे चारशे पन्नास संदेष्टे आणि अशेरेचे चारशे ईजबेलच्या पंक्तीला जेवत होते, ही नोंद शास्त्राने मुद्दाम केली आहे. त्यांच्या तोंडून राजाला नको असलेला शब्द निघेल तरी कसा? तोंड भरलेले होते.

पुढे बाविसाव्या अध्यायात मीखाया नावाच्या संदेष्ट्याची गोष्ट येते. अहाबाला लढाईस जायचे आहे आणि चारशे संदेष्टे एकमुखाने विजय सांगतात. मीखायाला आणायला गेलेला दूत त्याला वाटेत समजावतो, की सगळ्यांनी बरे सांगितले आहे, तुझेही बोलणे त्यांच्यासारखे असू दे. किती समंजस सल्ला आहे हा! मीखायाने तो मानला नाही. त्याच्या गालावर चपराक बसली आणि त्याला बंदीत टाकून थोडी भाकर, थोडे पाणी देण्याचा हुकूम झाला. येथेही शेवट भाकरीवरच.

आता कोणी म्हणेल की हा हिशेब फारच सोपा झाला. जो राजाचे खातो तो भित्रा आणि जो खात नाही तो निर्भय, असे जग असते तर सर्व भिकारी संदेष्टे झाले असते. आक्षेप खरा आहे. रामशास्त्री स्वतः पेशव्यांच्या चाकरीत होते. त्यांच्या घरातले ते एका दिवसाचे धान्यही दौलतीच्याच पगाराचे होते. आणि कार्ल्याच्या डोंगरात याचा आणखी एक जुना साक्षीदार उभा आहे.

एकवीरा देवीच्या देवळाशेजारचे ते भव्य चैत्यगृह आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. लोणावळ्याला सुट्टीला गेलेली कुटुंबे चिक्की घेऊन परतण्याआधी तेथे एक फेरी मारतात. सुमारे १२४ फूट लांब आणि ४५ फूट उंच असे ते लेणे, दोन हजार वर्षांपूर्वीच्या लाकडी कमानी आजही छताला धरून आहेत. वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीने ते पूर्ण करविले असे तेथील शिलालेख सांगतो. आणखीही लेख आहेत. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने वालुरक लेण्यांत राहणाऱ्या भिक्षूंच्या निर्वाहासाठी करजिक नावाचे गाव दान दिले. वालुरक हे कार्ल्याचे जुने नाव. पुढे सातवाहन गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचे राज्य मोडले आणि त्याच्याही काळात त्याच भिक्षूंना त्याच गावाचे दान मिळाल्याचा लेख कोरला गेला. एकमेकांचे वैरी असलेले दोन राजे, आणि त्यांच्या दानावर जगणारा एकच भिक्षुसंघ. यात त्या भिक्षूंनी काही वावगे केले असे आम्हांस वाटत नाही. पावसाळ्याचे चार महिने डोक्यावर छप्पर आणि पोटाला अन्न लागतेच. आपली चर्चे, आपल्या शाळा, आपली इस्पितळे कोणाच्या ना कोणाच्या देणगीवर, अनुदानावर, सवलतीवर उभी आहेत. प्रश्न एवढाच उरतो, की गाव दान देणारा राजा उद्या अन्याय करू लागला तर त्याला तसे सांगायला कोणी लेण्यातून खाली उतरेल काय? शिलालेखात दाता बोलतो. घेणाऱ्याचे बोलणे दगडावर कोरण्याची रीत नाही.

या बाबतीत शास्त्रातील ओबद्याची गोष्ट आम्हांस फार जवळची वाटते. ओबद्या हा अहाबाच्या घराचा कारभारी. राजाचे मीठ खाणारा, राजाच्या घोड्यांसाठी गवत शोधीत हिंडणारा. पण ईजबेल परमेश्वराच्या संदेष्ट्यांची कत्तल करीत असताना त्याने शंभर संदेष्टे पन्नास-पन्नास करून गुहांत लपविले आणि त्यांना भाकर-पाणी पुरविले. कोणाच्या कोठारातली ती भाकर? राजाच्या कारभाऱ्याचीच! एलिया त्याला भेटतो आणि मी आलो आहे असे अहाबाला जाऊन सांग म्हणतो, तेव्हा ओबद्या थरथर कापतो. मी सांगायला जाईन, तू अदृश्य होशील, आणि राजा मला मारील, असे तो तीन तीन वेळा बोलून दाखवितो. शास्त्र त्याला हसत नाही. तो परमेश्वराचे फार भय धरणारा होता असे आधीच सांगून ठेवते. आणि भीत भीत का होईना, तो जातो.

आमच्या धर्मग्रामांत एलिया थोडे आणि ओबद्या पुष्कळ आहेत. कोणी सरकारी कचेरीत, कोणी बँकेत, कोणी नगरपालिकेत, कोणी कारखान्यात. साहेबाने एखाद्या खोट्या कागदावर सही करायला सांगितली की घराचे हप्ते आणि मुलांची फी डोळ्यांसमोर येते. अशा माणसाला एलियासारखा हो असे वेदीवरून सांगणे सोपे असते, कारण वेदीवर हप्ते नसतात. त्याला विचारण्यासारखा प्रश्न निराळा आहे. राजाच्या कोठारातून बाहेर जाण्याची एक वाट त्याने मनात खुली ठेवली आहे का? रामशास्त्री पगार घेत होते, पण पगाराला त्यांच्या घरात वस्तीला ठेवीत नव्हते. म्हणून ज्या दिवशी निघावे लागले त्या दिवशी ते निघू शकले. आमच्या पित्या ही प्रार्थना आपण रोज म्हणतो आणि तीत आजच्याच भाकरीची मागणी करतो. ती मागणी गरिबीसाठी आहे असे आपण समजत आलो. ती स्वातंत्र्यासाठीही असावी.

भीतीविषयी मात्र एक खुलासा केला पाहिजे. निर्भय संदेष्टा हा शब्दप्रयोग आपण वापरतो खरा, पण एलिया निर्भय नव्हता. कर्मेलावर बआलच्या साडेचारशे संदेष्ट्यांना पुरून उरलेला हा माणूस ईजबेलचा एक निरोप येताच जीव घेऊन पळाला. बैरशेब्यापलीकडच्या रानात एका झुडपाखाली बसून मला मरण दे अशी विनवणी त्याने केली. देवदूताने त्याला दोनदा उठवून भाकर आणि पाणी दिले. रागावला नाही, उपदेशही केला नाही. पल्ला लांबचा आहे, खाऊन घे, एवढेच. मग चाळीस दिवस चालून तो होरेब डोंगरावरच्या एका गुहेत शिरला. तेथे परमेश्वराने त्याला विचारले, की तू येथे काय करतोस? वारा आला, भूकंप झाला, अग्नी आला, त्यांत परमेश्वर नव्हता. मग अगदी मंद असा एक आवाज आला. आणि पुन्हा तोच प्रश्न. एलियाचे उत्तरही तेच होते, की मी एकटाच उरलो आहे. परमेश्वराने त्याला सांगितले की बआलपुढे गुडघे न टेकलेले सात हजार अजून आहेत, आणि आलास त्या वाटेने परत जा.

गुहा ही जागा मोठी फसवी आहे. ती प्रार्थनेची असते आणि लपण्याचीही असते. आत बसलेल्याला आपण त्यांपैकी कशासाठी बसलो आहोत हे नेहमीच कळते असे नाही. आपल्या तपसाधनेच्या शिबिरांत आपण दोन-तीन दिवस मौन पाळतो, मन शांत होते, परत यावेसे वाटत नाही. त्या वेळी होरेबचा प्रश्न आपल्याला विचारला जात असतो. एलिया गुहेत राहिला असता तर त्याचे आध्यात्मिक जीवन कदाचित फार उंचीला गेले असते. नाबोथाच्या मळ्यात मात्र कोणीच गेले नसते.

नाबोथाची कथा ही या सर्व प्रकरणाचा गाभा आहे, आणि मावळच्या माणसाला ती समजावून सांगावी लागत नाही. इज्रेल नगरात राजवाड्याला लागून नाबोथाचा द्राक्षमळा होता. राजाला तो भाजीच्या बागेसाठी हवा होता. त्याने रीतसर मागितला, बदल्यात चांगला मळा किंवा रोख रक्कम देऊ केली. नाबोथाने वाडवडिलांचे वतन विकायला नकार दिला. राजा रुसून पलंगावर तोंड फिरवून पडला आणि जेवेना. मग ईजबेलने राजाच्या शिक्क्याची पत्रे धाडली, दोन खोटे साक्षीदार उभे केले, उपास जाहीर केला, देवनिंदेचा आरोप ठेवला आणि नाबोथाला दगडांनी मारविले. सगळे कायद्याच्या चौकटीत. धर्माच्याही! या कटात गावच्या ज्या वडीलधाऱ्यांनी माना डोलावल्या, त्यांतल्या एकालाही पत्रातला खोटेपणा कळला नसेल काय?

मावळात आणि शेजारच्या मुळशीत जमिनीचे हे दुखणे जुने आहे. टाटा कंपनीच्या धरणात आपली गावे आणि भातखाचरे बुडू नयेत म्हणून मुळशीच्या शेतकऱ्यांनी १९२१ साली सत्याग्रह आरंभिला, सेनापती बापट त्यात तुरुंगात गेले, धरण झालेच. पवना धरणाचे पाणी बंद नळातून पिंपरी-चिंचवडला नेण्याच्या योजनेविरुद्ध मावळचे शेतकरी ९ ऑगस्ट २०११ रोजी द्रुतगती मार्गावर बऊर येथे उतरले, पोलिसांचा गोळीबार झाला आणि तिघांचा जीव गेला. शहराला पाणी लागते आणि गिरणीला वीज, हे आम्ही नाकारीत नाही. अहाबालाही भाजी लागत होती. कार्ल्याच्या आसपास शनिवार-रविवारपुरते उघडणारे बंगले ज्या खाचरांत उभे राहिले, तेथे कोणावर जबरदस्ती झाली असे आम्ही म्हणत नाही. पुष्कळांनी राजीखुशीने विकले. तरीही आपल्यापैकी जे तेथे एखादा प्लॉट घेण्याच्या विचारात आहेत, त्यांनी व्यवहाराच्या आदल्या रात्री राजांच्या पहिल्या पुस्तकाचा एकविसावा अध्याय एकदा वाचावा, एवढे सुचवितो.

वसईच्या वाचकांना येथे दुसरीच आठवण होईल. १९८० च्या दशकाच्या अखेरीस तेथील वाड्या, विहिरी आणि केळीच्या बागा यांवर बांधकामाचे संकट आले तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो हरित वसई संरक्षण समितीबरोबर रस्त्यावर उतरले. धर्मगुरूने वेदी सोडून मोर्च्यात कशाला जावे, असे अशा वेळी नेहमी विचारले जाते. एलियाला इज्रेलच्या मळ्यात कोणी बोलावले होते, असा उलट प्रश्न करता येईल. फादर दिब्रिटोंनी 'सुवार्ता' चालविली, 'सुबोध बायबल' लिहिले, २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषविले, आणि २५ जुलै २०२४ रोजी ते देवाघरी गेले. झारखंडमध्ये आदिवासींच्या जमिनीसाठी आणि विनाचौकशी तुरुंगात खितपत पडलेल्या तरुणांसाठी आयुष्य वेचणारे येशूसंघीय फादर स्टॅन स्वामी ५ जुलै २०२१ रोजी, वयाच्या ८४ व्या वर्षी, मुंबईत कोठडीत असतानाच वारले. त्यांच्यावरील खटला उभाही राहिला नव्हता. एल साल्वादोरच्या आर्चबिशप ऑस्कर रोमेरो यांना २४ मार्च १९८० रोजी मिस्सा अर्पण करतानाच गोळी घालण्यात आली. ख्रिस्तसभेने २०१८ साली त्यांना संत म्हणून जाहीर केले. मधल्या अडतीस वर्षांत त्यांच्याविषयी काय काय बोलले गेले ते आज कोणाला आठवत नाही.

स्नानसंस्काराच्या वेळी पवित्र तेलाचा अभ्यंग होतो तेव्हा प्रत्येक बालक याजक, संदेष्टा आणि राजा अशा ख्रिस्ताच्या तिहेरी कार्यात सहभागी होते, ही आपली श्रद्धा आहे. याजकपणाविषयी आपण प्रवचने ऐकतो. संदेष्टेपण त्या तेलाबरोबरच पुसले जाते की काय, असे कधी कधी वाटते. काही जण ते भलत्याच ठिकाणी वापरतात. मिस्सानंतर चर्चच्या आवारात फादरांविषयी आणि पॅरिश कौन्सिलविषयी जे घसा फोडून बोलले जाते, त्याला संदेष्टेपण म्हणत नाहीत. एलियाने अहाबाची निंदा यहूदात जाऊन केली नाही. तो अहाबाच्या समोर, त्याच मळ्यात उभा राहिला. रामशास्त्र्यांनी कोपऱ्यात कुजबुज केली नाही. माधवराव पेशवे राज्यकारभार सोडून जपतपात बुडाले होते तेव्हाही त्यांनी तोंडावरच सांगितले, की स्नानसंध्याच करायची तर मसनद सोडा आणि माझ्याबरोबर काशीला चला. मसनदीवर बसायचे तर रयतेचे काम हाच तुमचा धर्म. माधवरावांनी ते ऐकले आणि मानले. दावीदाने नाथानाचे ऐकले तसेच.

ऐकणाऱ्या राजापुढे बोलणे आणि न ऐकणाऱ्या राजापुढे बोलणे यांत बोलणाऱ्याच्या दृष्टीने काही फरक आहे काय? आम्हांस हा सर्वांत अवघड प्रश्न वाटतो. नाबोथाच्या मळ्यात एलियाने अहाबाला जो निकाल सांगितला तो भयंकर होता. त्याच्या रक्ताची कुत्र्यांना वाट दाखविणारा. आणि नेहमी हट्टी, रुसका, बायकोच्या ओंजळीने पाणी पिणारा असा अहाब त्या दिवशी चक्क वस्त्रे फाडतो, गोणपाट नेसतो, उपास करतो, हलक्या पावलांनी चालतो. परमेश्वर एलियाला म्हणतो, की पाहिलेस, अहाब माझ्यापुढे नमला. म्हणून हे अरिष्ट मी त्याच्या दिवसांत आणणार नाही, त्याच्या मुलाच्या दिवसांत आणीन. संदेष्ट्याने जीव धोक्यात घालून उच्चारलेला शब्द परमेश्वर स्वतःच लांबणीवर टाकतो! योनाला अशाच प्रसंगी राग आला होता. एलिया काय म्हणाला ते लिहिलेले नाही. आज्ञापालनाचा हा दुसरा भाग राजासमोर उभे राहण्याइतकाच कठीण असावा. शब्द आपला नव्हता, तेव्हा त्याचे काय होते हेही आपल्या हाती नाही.

या कसोटीवर रामशास्त्री कठोर ठरतात काय? रघुनाथरावाने प्रायश्चित्त विचारले होते. ख्रिस्ती धर्मगुरूपाशी कोणी खुनी असे विचारता तर क्षमेचे दार लावून घेण्याचा अधिकार धर्मगुरूला नसता. हे खरे. तरी रघुनाथरावाच्या प्रश्नातला सूर नीट ऐकला पाहिजे. तो पातकाची किंमत विचारीत होता, आणि किंमत भरून मसनद ठेवून घेऊ पाहत होता. आपणही कुमसाराला जातो तेव्हा तीन नमो मरिया म्हणून मोकळे होतो, आणि भावाची बळकावलेली पायवाट तशीच आपल्या कुंपणात राहते. शास्त्रीबुवांनी त्या सौद्याला नकार दिला. अहाबाचे गोणपाट परमेश्वराने मानले, पण नाबोथाचा मळा त्याच्या वारसांना परत दिला गेला असे शास्त्रात कोठेही लिहिलेले नाही, आणि ते वाचून आमचे समाधान होत नाही.

रघुनाथराव १७८३ च्या अखेरीस कोपरगावी वारला. त्याचा मुलगा दुसरा बाजीराव याच्या कारकिर्दीत, १८१८ साली, पेशवाई बुडाली. अहाबाच्या मुलाची येथे आठवण होते खरी, पण हे साम्य ताणण्याचा मोह आवरावा. राज्ये बुडण्याला पुष्कळ कारणे असतात, आणि त्यांच्याबरोबर ज्यांची घरे बुडतात ती माणसे बहुधा निरपराध असतात. रामशास्त्र्यांना रघुनाथरावाची सत्ता गेल्यावर कारभाऱ्यांनी सन्मानाने परत बोलावले, आणि १७८९ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते न्यायदान करीत राहिले. म्हणजे १७७९ च्या त्या जानेवारीत कार्ल्याच्या बाजूला तोफा वाजत होत्या तेव्हा त्यांचे घर पुन्हा पुण्यात मांडलेले होते, फौजेपासून अवघ्या पस्तीस मैलांवर. ती फौज पुण्यास पोहोचली असती तर त्यांना पुन्हा वाईची वाट धरावी लागली असती. बरोबर न्यायला घरात फारसे काही नव्हते.